एकाच गादीची दोन ऑपरेशनं: कळव्यातल्या एका टेम्पोचालकाचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या थोरल्या बहिणीच्या यजमानांचं आहे. लिहायला दाजींनी होकार दिला, फक्त "नाव नको" म्हणाले. हॉस्पिटलांची आणि डॉक्टरांची नावंही मी दिलेली नाहीत. मी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात कॉस्टिंगचं काम करते. दोन्ही वेळची बिलं, रिपोर्ट आणि विमा कंपनीची पत्रं माझ्याकडे एका फाइलमध्ये आहेत. खर्चाचे आकडे त्या फाइलमधून घेतलेत, वैद्यकीय आकडे प्रसिद्ध झालेल्या अभ्यासांमधले आहेत.

दाजींचं पहिलं ऑपरेशन फेब्रुवारी २०२३ मध्ये झालं आणि दुसरं ऑगस्ट २०२४ मध्ये. दोन्ही वेळा कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यामधली तीच गादी, उजवीच बाजू. मधे अठरा महिने गेले.

पहिली वेळ

दाजी तेव्हा ४४ वर्षांचे होते. स्वतःचा छोटा टेम्पो. रात्री अडीचला उठायचं, कळव्याहून विटाव्यामार्गे ठाणे-बेलापूर रस्ता धरून तुर्भ्याच्या मार्केटला जायचं, माल भरायचा आणि उजाडायच्या आत ठाण्याला जांभळी नाक्याच्या भाजीवाल्यांकडे पोचवायचा. टोमॅटोचा भरलेला क्रेट वीस-बावीस किलोचा असतो. हमाल असतातच, पण घाईच्या वेळी निम्मे क्रेट दाजी स्वतःच चढवायचे. शिवाय दिवसाला सात-आठ सिगारेटी आणि सहा वर्षांची साखर. या दोन गोष्टी पुढे महत्त्वाच्या ठरल्या, म्हणून आधीच सांगून ठेवते.

डिसेंबर २०२२ मध्ये उजव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत कळ सुरू झाली. शिंकलं की पायात वीज गेल्यासारखं व्हायचं. एमआरआयमध्ये गादीचा तुकडा बाहेर येऊन नसेवर बसलेला दिसला. सात आठवडे गोळ्या आणि फिजिओथेरपी झाली. कळ कमी होईना, आणि पायाचा अंगठा वर उचलताना जोर कमी पडायला लागला. मग सूक्ष्मदर्शकाखाली गादीचा तुकडा काढायचं, म्हणजे मायक्रोडिस्केक्टमीचं ठरलं.

हा निर्णय चुकला असं मला आजही वाटत नाही. नेदरलँड्समध्ये अशाच २८३ रुग्णांवर एक अभ्यास झाला, तो २००७ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला. निम्म्यांचं ऑपरेशन लवकर केलं, निम्म्यांना आधी थांबवलं आणि कळ असह्य राहिली तरच ऑपरेशन केलं. थांबलेल्यांपैकी ३९ टक्क्यांना शेवटी ऑपरेशन लागलं. पण वर्षअखेरीला दोन्ही गटांतले ९५ टक्के लोक बरे होते. ऑपरेशनवाले लवकर बरे झाले, एवढाच फरक. ज्याचं घर रोजच्या खेपेवर चालतं त्याला "लवकर" या शब्दाची किंमत विचारायला नको. शिवाय अंगठ्याचा जोर जात होता.

ऑपरेशन छान झालं. शुद्धीवर आल्या आल्या दाजी म्हणाले, "पाय मोकळा झाला." तिसऱ्या दिवशी घरी आले. संमतीपत्रावर इंग्रजीत बारीक अक्षरात "रिकरन्स", म्हणजे आजार पुन्हा होणं, हा शब्द होता. सही ताईने केली, शेजारी मी उभी होते. दर नगामागे किती माल बाद जाईल हे विचारल्याशिवाय मी कंपनीत एकही कोटेशन पुढे जाऊ देत नाही. इथे तो प्रश्न मला सुचला नाही, याची खंत आहे.

विम्याचा त्या वेळी उपयोग झाला नाही. पाच लाखांची फॅमिली फ्लोटर, म्हणजे सगळ्या घराची मिळून एक, पॉलिसी जून २०२१ ची. सरकलेली गादी हा आजार बहुतेक पॉलिसींमध्ये २४ महिन्यांच्या प्रतीक्षेच्या यादीत असतो, अपघाताने झाला असेल तरच सूट. आमचा विसावा महिना चालू होता. क्लेम नाकारला गेला, तो नियमानुसारच. हॉस्पिटलचे १,६२,०००, एमआरआयचे ७,०००, फिजिओचे १०,००० आणि औषधांचे ६,००० असे १,८५,००० रुपये खिशातून गेले. त्यातले लाखभर ताईच्या दागिन्यांवरचं कर्ज होतं.

चौदा महिन्यांनी

एप्रिल २०२४ पर्यंत दाजी ठणठणीत होते. अडीच महिन्यांनी टेम्पो सुरू केला, क्रेट उचलणं सहाव्या महिन्यापासून. मग एका पहाटे मार्केटमध्येच तीच कळ, त्याच पायात.

घरात पहिली प्रतिक्रिया दोषारोपाची होती. "सांगितलं होतं वजन उचलू नका," असं सगळेच म्हणाले, मीही म्हणाले. पुढे वाचलं तेव्हा कळलं की हे इतकं सरळ नाही. ऑपरेशननंतर दोन आठवडे जपलेल्यांची आणि सहा आठवडे जपलेल्यांची अमेरिकेत तुलना झाली, तेव्हा गादी पुन्हा सरकण्यात फरक दिसला नव्हता. अर्थात त्या अभ्यासातले लोक रोज शंभर क्रेट चढवणारे नव्हेत, हेही खरं. सिगारेट आणि मधुमेह यांचा संबंध मात्र अनेक अभ्यास एकत्र करून पाहिल्यावरही दिसला आहे. दाजींची तीन महिन्यांची सरासरी साखर, एचबीएवनसी, तेव्हा ८.९ होती.

मूळ कारण गादीच्या घडणीत आहे. गादीला बाहेरून चिवट कडं असतं आणि आत गर. कडं फाटून गराचा तुकडा बाहेर येतो. सर्जन तो तुकडा आणि आसपासचा सुटा भाग काढतो, बाकीची गादी जागेवर ठेवतो. कड्याला रक्तपुरवठा जवळजवळ नसतोच, त्यामुळे भोक नीट बुजत नाही. आतला गर पुन्हा बाहेर यायला वाट उरते. सगळा गर खरवडून काढला तर पुन्हा सरकण्याची शक्यता कमी होते, पण गादी बसते आणि कंबर कायमची दुखत राहू शकते. सर्जन या दोहोंच्या मधे कुठेतरी थांबतो.

पहिल्या हॉस्पिटलने यावेळी रंगद्रव्य टोचून एमआरआय करायला सांगितला. त्याचं कारण मला पटलं. जुन्या जखमेचा व्रण रंगद्रव्य शोषून चमकतो, नव्याने बाहेर आलेला तुकडा सुरुवातीला तसा चमकत नाही. व्रण असेल तर ऑपरेशनने फारसं साधत नाही, तुकडा असेल तर साधू शकतं. दाजींचा तुकडाच होता.

पुढे दोन डॉक्टरांशी बोलताना एक गोष्ट उमगली, ती मी ठळकपणे लिहून ठेवते. "पुन्हा ऑपरेशन" हा एक आजार नाही. पहिल्या ऑपरेशननंतर कळ एक दिवसही गेली नाही, तर निदान, जागा किंवा राहून गेलेला तुकडा यांवर संशय घ्यावा लागतो. काही आठवड्यांत ताप आणि कमरेत ठणका आला तर जंतुसंसर्गाचा. काही महिने बरे जाऊन तीच कळ आली तर गादी पुन्हा सरकल्याचा. काही वर्षांनी आली तर शेजारच्या मणक्याचा किंवा मणके सैल झाल्याचा. मधला बरा काळ किती होता हा प्रश्न पहिलाच विचारायला हवा, कारण उपाय आणि खर्च दोन्ही त्यावर ठरतात. दाजींचे चौदा महिने स्वच्छ गेले होते.

४,८५,००० चं एस्टिमेट

पहिल्या हॉस्पिटलने सुचवलं फ्यूजन. दोन मणके चार स्क्रू आणि दोन सळ्यांनी जखडायचे, गादीच्या जागी एक पिंजरा बसवायचा. एस्टिमेट ४,८५,०००, त्यात इम्प्लांटचे १,४५,०००. हृदयाच्या स्टेंटवर सरकारने फेब्रुवारी २०१७ मध्ये किमतीची कमाल मर्यादा घातली, गुडघ्याच्या इम्प्लांटवर ऑगस्ट २०१७ मध्ये. मणक्याच्या स्क्रूंवर तशी मर्यादा नाही. त्यामुळे त्या ओळीत घासाघीस कशाच्या आधाराने करायची, हे आम्हाला कळेना.

त्या डॉक्टरांना मी लोभी ठरवणार नाही. त्यांची बाजू अशी होती: व्रणातून पुन्हा आत जायचं, पुन्हा तुकडाच काढायचा आणि तिसऱ्यांदा तेच होऊ द्यायचं, त्यापेक्षा एकदाच कायमचा बंदोबस्त करू. "कायमचा" हा शब्द दाजींना फार आवडला. त्यांना हे सगळं एकदाचं संपवायचं होतं.

त्या शब्दावरच मी अडून बसले. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्यात १९९० ते १९९३ मध्ये कमरेचं ऑपरेशन झालेल्या २४,८८२ लोकांचा अकरा वर्षं माग ठेवला गेला. त्यांतल्या १९ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, म्हणजे पाचातल्या एकाला. मणका मणक्यावरून पुढे घसरलेला असेल, तर फ्यूजनवाल्यांमध्ये हे प्रमाण कमी होतं: १७.१ टक्के, नुसती नसेची जागा मोकळी केलेल्यांमध्ये २८ टक्के. पण बाकीच्या आजारांत उलट: फ्यूजननंतर २१.५, फ्यूजनशिवाय १८.८. आणि फ्यूजननंतर जी पुन्हा ऑपरेशनं झाली, त्यांतल्या ६२.५ टक्क्यांत इम्प्लांटची अडचण किंवा हाड न जुळणं हे कारण नोंदलेलं होतं. दुसऱ्या एका अभ्यासात फ्यूजन झालेल्यांच्या शेजारच्या मणक्याला दहा वर्षांत नव्याने ऑपरेशन लागण्याचं प्रमाण ३६ टक्के निघालं. स्वीडनमध्ये मणक्याची नळी अरुंद झालेल्या २४७ लोकांना चिठ्ठ्या टाकून दोन गटांत विभागलं, तो अभ्यास २०१६ चा. साडेसहा वर्षांत फ्यूजनवाल्यांपैकी २२ टक्क्यांना पुन्हा ऑपरेशन लागलं, बाकीच्यांपैकी २१ टक्क्यांना. त्याच वर्षी आलेल्या, ६६ रुग्णांच्या एका छोट्या अमेरिकन अभ्यासात मात्र फ्यूजनची बाजू वरचढ होती, पुन्हा ऑपरेशन १४ टक्के विरुद्ध ३४ टक्के. त्यातल्या सगळ्यांचा मणका घसरलेला होता.

हे आकडे दाजींच्या आजाराचे तंतोतंत नाहीत. नळी अरुंद होणं आणि गादी सरकणं या वेगळ्या गोष्टी आहेत. निव्वळ सरकलेल्या गादीच्या रुग्णांत, अमेरिकेतल्या स्पोर्ट नावाच्या मोठ्या अभ्यासात आठ वर्षांत १५ टक्क्यांचं पुन्हा ऑपरेशन झालं. पण सगळे आकडे एकत्र ठेवले की एक गोष्ट लपत नाही: मणके घसरत नसतील, तर जखडल्याने पुन्हा ऑपरेशनची टांगती तलवार जात नाही. आणि बिल मात्र वेगळ्याच पातळीवर जातं. अमेरिकेतल्या मेडिकेअर या सरकारी विमा योजनेच्या २००७ च्या नोंदींत साध्या ऑपरेशनची सरासरी आकारणी २३,७२४ डॉलर होती आणि गुंतागुंतीच्या फ्यूजनची ८०,८८८ डॉलर. डॉलर बाजूला ठेवून फक्त पट पाहिले, तरी ते तीनाच्या पुढे जातात.

मग मी मणके खरंच घसरतात का, हे विचारायला बसले. त्याची चाचणी कमरेच्या दोन साध्या एक्स-रेची आहे: उभं राहून एक पुढे वाकून, एक मागे वाकून. फाइलमध्ये ते नव्हते. पावणेपाच लाखांच्या वरचं एस्टिमेट होतं आणि काही शे रुपयांचे दोन एक्स-रे नव्हते.

ऑपरेशन नोट

दुसरं मत एका ठाण्याच्या डॉक्टरांचं घेतलं, तिसरं नवी मुंबईतल्या. फी प्रत्येकी १,५००. ठाण्याच्या डॉक्टरांनीही फ्यूजनच सुचवलं. नवी मुंबईतल्या डॉक्टरांनी आधी एक्स-रे काढून आणायला सांगितले, आणि मग विचारलं, "पहिल्या वेळची ऑपरेशन नोट कुठे आहे?"

आमच्याकडे होती ती डिस्चार्ज समरी, म्हणजे घरी सोडताना देतात तो सारांश. ऑपरेशन नोट वेगळी असते. आत काय दिसलं, काय काढलं, काय ठेवलं, हे सर्जनने त्याच दिवशी लिहिलेलं असतं. ती हॉस्पिटलच्या रेकॉर्डमध्ये राहते. रुग्णाने मागितल्यावर कागदपत्रं ७२ तासांत द्यायची, असं मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत आहे. मी तसा उल्लेख करून अर्ज दिला, तिसऱ्या दिवशी झेरॉक्स मिळाली.

दीड पानाच्या त्या नोटमध्ये मधेच एक ओळ होती: "लार्ज अॅन्युलर डिफेक्ट". कड्याला मोठं भोक.

डॉक्टरांनी त्या ओळीखाली पेन्सिलने रेघ मारली आणि सगळं उलगडून सांगितलं. स्टॅनफर्डमधल्या सर्जननी २००३ मध्ये एक साधा, पण फार उपयोगी अभ्यास छापला होता. ऑपरेशनच्या वेळी कड्याची चीर बारीक दिसली, तर गादी पुन्हा सरकण्याचं प्रमाण १ टक्का. मोठं भोक दिसलं, तर २७ टक्के. म्हणजे "पाच ते पंधरा टक्के लोकांना पुन्हा होतं" हे सरासरीचं वाक्य दाजींना लागूच नव्हतं. ते जास्त धोक्याच्या गटात होते, आणि ते फेब्रुवारी २०२३ मध्ये, टेबलावरच, दिसलेलं होतं. लिहिलेलंही होतं. सांगितलं मात्र कुणाला नव्हतं.

हे कळलं असतं तर आम्ही काय केलं असतं? पहिलं ऑपरेशन टळलं नसतं. पण टेम्पोवर क्रेट चढवायला मुलगा तेव्हाच ठेवला असता, आत्ता ठेवला आहे तसा. सिगारेट आणि साखरेचा विषय "आरोग्यासाठी बरं" असा न राहता गादीच्या भोकाशी जोडला गेला असता. दाजींसारखा माणूस कारण समजलं की ऐकतो, नुसतं बजावलं की नाही. आणि दुसऱ्या खर्चाची तजवीज सुरू झाली असती. तुकडा नक्की अडला असता असं मी म्हणत नाही.

एक्स-रेमध्ये मणके स्थिर होते. दुखणं पायात जास्त, कमरेत कमी. बरा काळ वर्षाच्या वर. नवी मुंबईतल्या डॉक्टरांचं मत पडलं: पहिल्यांदाच पुन्हा सरकली आहे, मणके हलत नाहीत, तेव्हा पुन्हा तुकडाच काढू. पण आधी साखर खाली आणा आणि सिगारेट बंद करा. तोवर नसेच्या मुळाशी इंजेक्शन देऊ. सहा-सात आठवडे थांबायचं होतं. प्रिस्क्रिप्शनच्या मागे त्यांनी मराठीत लिहून दिलं: लघवी अडली, जांघेतली किंवा बसायच्या जागेची संवेदना गेली, पावलाचा जोर झपाट्याने कमी झाला, तर त्याच दिवशी, रात्र असली तरी, हॉस्पिटलात या. तो कागद ताईने फ्रिजवर चिकटवला. त्या पावसाळ्यात विटाव्याच्या रेल्वेपुलाखाली पाणी भरलं की तिला आधी रस्ता बंद झाल्याचीच धास्ती वाटायची.

सिगारेट सुटली, साखर ७.१ वर आली. इंजेक्शनने तीन आठवडे बरे गेले, मग कळ परतली.

ऑपरेशनमध्ये व्रण नसेच्या आवरणाला चिकटलेला होता, तो सोडवताना आवरणाला चीर गेली. दुसऱ्यांदाच्या ऑपरेशनमध्ये हे पहिल्यापेक्षा जास्त वेळा होतं, आणि ते आम्हाला आधी सांगितलेलं होतं. टाका घातला, दोन दिवस सपाट झोपवून ठेवलं, मुक्काम वाढला. पण आधी सांगितलेलं असल्यामुळे ताई घाबरली नाही. त्या दोन दिवसांत तिला शांत पाहिलं आणि मला पहिल्या वेळचा राग पुन्हा आला.

बिल

यावेळी पॉलिसीची प्रतीक्षा संपलेली होती. कॅशलेस मंजूर झालं. तरीही ५४,५०० भरावे लागले. ते कसे, हे सविस्तर लिहिते, कारण हॉस्पिटलच्या काउंटरवर कुणालाही हा हिशोब मांडून दाखवायला वेळ नसतो.

पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा दिवसाला ५,०००. त्या दिवशी मिळाली ती खोली ७,००० ची. आम्ही म्हटलं, वरचे दोन हजार भरू, पाच दिवसांचे दहा हजार. तसं होत नाही. खोली मर्यादेच्या वरची घेतली की सर्जनची फी, भूल, थिएटर, नर्सिंग, डॉक्टरांच्या फेऱ्या हे सगळं त्याच प्रमाणात कापलं जातं, आमच्या बाबतीत सातातले पाचच भाग मिळाले. बिल असं होतं: खोली ३५,०००, त्यातले मिळाले २५,०००. सर्जन, थिएटर वगैरे १,२६,०००, मिळाले ९०,०००. तपासण्या १२,०००, पूर्ण मिळाले. औषधं आणि साहित्य ६४,०००, त्यातले हातमोजे-डायपर अशा न मिळणाऱ्या वस्तूंचे ८,५०० सोडून बाकी मिळाले. एकूण बिल २,३७,०००, विमा कंपनीने दिले १,८२,५००. औषधं, इम्प्लांट आणि तपासण्यांना ही प्रमाणात कपात लावायची नाही, असा विमा नियामकाचा नियम आहे. तो माहीत असल्यामुळे मी ती ओळ तपासली. दिवसाचे दोन हजार वाचवण्यासाठी खोली बदलून मागितली असती, तर ४६,००० वाचले असते.

एमआरआयचे ११,५०० आणि नंतरच्या फिजिओचे १४,४०० मागाहून क्लेम करून मिळाले. भरतीच्या आधीच्या आणि नंतरच्या ठरावीक दिवसांतला असा खर्च त्याच पॉलिसीत बसतो. त्यासाठी प्रत्येक पावतीसोबत डॉक्टरांची चिठ्ठी लागते. इंजेक्शनचे २२,००० आणि सल्ल्याचे ३,००० आमचे आम्हीच भरले. म्हणजे दुसऱ्या वेळी खिशातून ७९,५०० गेले.

कागदावर दुसरी वेळ पहिल्यापेक्षा स्वस्त दिसते. १,८५,००० कुठे आणि ७९,५०० कुठे.

घरात बसलेले महिने

डिझेल, टोल, हप्ता जाऊन दाजींच्या हातात महिन्याला २८,००० उरतात. टेम्पो उभा राहिला की ते थांबतात आणि ११,८०० चा हप्ता चालूच राहतो. महिन्याचं नुकसान ३९,८००. पहिल्या वेळी अडीच महिने, म्हणजे ९९,५००. दुसऱ्या वेळी आधीच्या कळांचा एक आणि नंतरचे तीन असे चार महिने, म्हणजे १,५९,२००. बदली ड्रायव्हर शोधला, पण रात्री अडीचला निघून स्वतः माल चढवणारा कोणी मिळाला नाही.

हे धरलं, तर पहिल्या ऑपरेशनचा घराला पडलेला खर्च २,८४,५००. दुसऱ्याचा घराला २,३८,७०० आणि विमा कंपनीला २,०८,४००, मिळून ४,४७,१००. तोच तुकडा दुसऱ्यांदा काढायला दीडपटीहून जास्त. आणि दोन्ही वेळा सगळ्यात मोठ्या ओळींमध्ये जी बुडालेली कमाई आहे, तिचा हॉस्पिटलच्या किंवा विम्याच्या कुठल्याच कागदावर उल्लेख नाही. ताईने त्या महिन्यांत ब्लाउजांची शिलाई परत पाठवली. तिच्या पैशांचा हिशोब ती देत नाही, म्हणून या बेरजेत तो नाही.

एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही. दाजी दुसऱ्या ऑपरेशनसाठी पहिल्या हॉस्पिटलात परत गेले नाहीत. त्यामुळे त्या हॉस्पिटलच्या हिशोबी फेब्रुवारी २०२३ चं ऑपरेशन आजही यशस्वीच आहे. कुणी विचारलं, "तुमच्याकडे किती जणांना पुन्हा करावं लागतं?" तर त्यांच्या प्रामाणिक उत्तरातही दाजी नसतील. स्वीडनमध्ये मणक्याच्या ऑपरेशनांची राष्ट्रीय नोंदवही १९९० च्या दशकापासून आहे, तिथे रुग्ण कुठेही गेला तरी त्याचं दुसरं ऑपरेशन पहिल्याला जोडलं जातं. आपल्याकडे हे जोडणं रुग्णाच्या पिशवीतल्या फाइलवर अवलंबून आहे. म्हणून मी ताईला सांगितलंय, ऑपरेशन नोट ही एमआरआयच्या फिल्मइतकीच जपायची.

आता

पाय मोकळा आहे. कंबर सकाळी आखडते, अर्ध्या तासाने सुटते. अंगठ्याचा जोर पूर्ण आलेला नाही, चप्पल कधीकधी निसटते. टेम्पोवर एक मुलगा ठेवला आहे, दिवसाला ४०० रुपये, क्रेट तोच चढवतो. दाजींना ते अजून खुपतं. मार्केटमध्ये उभं राहून बघत बसणं त्यांना जमत नाही, म्हणून ते तेवढ्या वेळात चहा घेऊन येतात.

शेवटच्या तपासणीला त्यांनी स्वतःच विचारलं, "तिसऱ्यांदा होईल का?" डॉक्टर म्हणाले, शक्यता आहे, भोक तिथेच आहे. पुन्हा सरकली किंवा कंबरच जास्त दुखू लागली, तर तेव्हा मात्र फ्यूजनचा विचार करू, आणि त्या वेळी तो योग्य असेल. दुसऱ्या ऑपरेशनची नोट त्यांनी न मागता दिली. ती फाइलमध्ये सर्वांत वर लावली आहे.

जून २०२५ मध्ये मूळ पॉलिसी नूतनीकरण करताना मी त्यावर १५ लाखांचा सुपर टॉप-अप, म्हणजे मूळ पॉलिसीची रक्कम संपली की पुढचा खर्च देणारा जादा विमा, घ्यायला लावला. अर्जात दोन्ही ऑपरेशनं, साखर, सगळं लिहिलं. ताईला वाटत होतं की लिहिलं तर नाकारतील. नाकारलं नाही, थोडा हप्ता वाढवला आणि आधीपासूनच्या आजारांसाठी ३६ महिन्यांची प्रतीक्षा लावली. ती जून २०२८ मध्ये संपते.